पेटी मांडीवर घेऊन : आमची वाटचाल

सांगलीच्या गावभागातल्या आमच्या पहिल्या दुकानाच्या पाटीवर दोन ओळी होत्या. वर ‘एकल संवादिनीवादनाचे कार्यक्रम’, खाली ‘पेटी दुरुस्ती व ट्यूनिंग’. रंगाऱ्याने खालची ओळ मोठी काढली. पोट तिच्यावर भरणार, असा त्याचा हिशोब. मी ती पुसायला लावली, वरची मोठी करून घेतली आणि त्याचे १५० रुपये वेगळे मोजले. हे १९९७ साल. सूतगिरणीतली नोकरी सोडून सहा महिने झाले होते. त्या १५० रुपयांवरून घरात दोन दिवस अबोला होता.

सांगली म्हणजे नाट्यपंढरी. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथेच नाटक उभे केले. शेजारी मिरज, अब्दुल करीम खाँसाहेबांची आणि तानपुरे-सतारी घडवणाऱ्यांची. अशा ठिकाणीसुद्धा एकट्या पेटीचा दोन तासांचा कार्यक्रम करतो म्हटले की लोक विचारायचे, “आणि गाणार कोण?” आकाशवाणीने १९४० मध्ये पेटी बंद केली, १९७१ मध्ये साथीपुरती परत घेतली. एकल वादनाला दार त्यानंतरही कितीतरी वर्षे बंदच राहिले. गोविंदराव टेंबे, पी. मधुकर यांनी हेच वाद्य एकट्याने वाजवून लोकांना खुर्चीला खिळवून ठेवले होते, पण मंडळाच्या अध्यक्षाला ‘पेटीवाला’ एवढाच शब्द ठाऊक. पत्रिकेत नाव तबलजीच्याही खाली, कधी माईकवाल्याच्या शेजारी. मी अट घातली की नाव वर छापा, नाहीतर मी येत नाही. पहिल्या दोन वर्षांत या अटीपायी सात तारखा गेल्या. मला त्याचे आजही वाईट वाटत नाही.

प्रवासाच्या पेटीविषयी सांगितलेच पाहिजे, कारण नवी मुले चुकतात ती इथेच. दुकानात स्केल चेंजर, म्हणजे पट्ट्या सरकवून सा बदलता येणारी पेटी, बघून ती भारावून जातात. घरी बसून वाजवायला तो ठीक आहे. एसटीच्या प्रवासात त्याची सरकती पट्टी ढिली पडते, हवा गळते आणि वजन तर उचलवत नाही. माझी प्रवासाची पेटी साधी: सुरांच्या दोन लायनी, खालच्या सप्तकाची खर्ज आणि तिच्या वरची नर, ४२ पट्ट्या, सागवानी खोके, गुजरातेतल्या पालिताण्याचे सूर, म्हणजे आत वाजणाऱ्या पितळी जिभा. त्यातला एकेक सूर मी स्वतः घासून बसवलेला. टोकाला घासला की सूर चढतो, बुडाशी घासला की उतरतो, आणि एकदा जास्त घासला गेला की तो सूर फेकून द्यावा लागतो. या कामाला माझ्याकडे जुन्या घड्याळजीकडून घेतलेली बारीक कानस आहे. २६ वर्षे तीच वापरतो आहे.

एसटीत पेटी मागच्या बाकावर ठेवायची नाही. मागे दणके जास्त बसतात आणि सूर जागचे हलतात. कंडक्टरने लगेजचे तिकीट फाडले तरी पेटी टपावर द्यायची नाही. मी ती मांडीवर घेतो, सांगलीपासून सावंतवाडीपर्यंत. रेल्वेत खालचा बर्थ, त्याच्याखाली पेटी आणि साखळी. पावसाळ्यात घरच्या कपाटात पेटीशेजारी १५ वॅटचा बल्ब रात्रभर जळत ठेवायचा, नाहीतर लाकूड फुगून पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. उंदीर भात्याचे चामडे सोडत नाहीत, तेव्हा डांबरगोळ्या हव्यातच. हे सगळे मला कोणी शिकवले नाही. एकेक पेटी खराब करून शिकलो.

१९९९ पासून पुढे काम चालत राहिले. गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट, दत्तजयंती, रामनवमी, मग चैत्र-वैशाखातल्या जत्रा. हुबळी, बेळगाव, इंदूर, बडोद्याची मराठी मंडळे, गोव्यातली देवस्थाने. वर्षाला साठ-सत्तर तारखा व्हायच्या. मधल्या दिवसांत दुकान. मुलीचे शिक्षण याच पैशांवर झाले. त्या वर्षांत अडचणी आल्या त्या सगळ्यांनाच येतात.

२०१५ मध्ये एक गृहस्थ आले. त्यांचे नाव लिहीत नाही, या भागातले कलाकार ओळखतील. त्यांचा कार्यक्रम ठरवण्याचा धंदा होता. ते म्हणाले, “तुम्ही वाजवा, तारखा मी आणतो. बिदागीतले १५ टक्के माझे.” मला हे पटले. फोन करणे, भाव ठरवणे, मंडळाच्या मुलांशी घासाघीस करणे यात माझा रियाझाचा वेळ जात होता. माझी १८ वर्षांची वही मी त्यांच्या हाती दिली. त्या वहीत प्रत्येक गावचा माणूस होता: कोणाचा हॉल ओलसर, कोण पैसे त्याच रात्री देतो, कुठला तबलजी लयीला पक्का, कोणाच्या घरी उतरायचे. निवेदनाचे कागदही दिले. माझे निवेदन मीच लिहितो. त्यात माझ्या गुरुजींची एक आठवण होती. पहिल्या दिवशी त्यांनी मला पेटीला हात लावू दिला नव्हता, तीन तास नुसता भाता ओढायला लावला होता. लोकांना ती फार आवडायची.

चार वर्षे बरी गेली. ते हिशोब उशिरा द्यायचे, पण द्यायचे.

२०१९ चा ऑगस्ट उजाडला. कृष्णेचे पाणी वाढू लागले तेव्हा गावभागात कोणी फारसे घाबरले नव्हते. आयर्विन पुलावर इशाऱ्याची पातळी ४० फूट, धोक्याची ४५, आणि आम्ही सगळे बघायचो ती २००५ च्या महापुराची खूण. भिंतीवरच्या त्या खुणेच्या वर एक हात मी फळी ठोकली होती. माझ्या तीन पेट्या आणि दुरुस्तीला आलेल्या १४ पेट्या त्या फळीवर चढवल्या, वर प्लास्टिक बांधले, आईला घेतले आणि विश्रामबागेत मेहुण्याकडे गेलो. प्रवासाची पेटी बरोबर घेतली असती तर पुढचे निम्मे झाले नसते. पण हातात आई होती, मुलीची कागदपत्रे होती, आणि २००५ च्या खुणेवर माझा देवासारखा विश्वास होता.

पाणी ५७ फुटांवर गेले.

दुकान उघडले तेव्हा गाळ गुडघ्यापर्यंत होता. फळी जागच्या जागी होती, पेट्याही फळीवरच होत्या. पण उचलायला गेलो तर खोके हातात सुटे होऊन आले. सरसाने चिकटवलेले लाकूड ते, पाण्यात सरस विरघळला आणि फळ्या पत्त्यांसारख्या उलगडल्या. भात्याचे चामडे कुजून वास मारत होते. पट्ट्या फुगून वाकड्या झाल्या होत्या. सूर तेवढे वाचले. पितळ होते ते. आमच्या सौंनी आणि मुलीने ते एकेक सोडवून गोड्या पाण्यात धुतले, मऊ ब्रशने गाळ काढला आणि जुन्या धोतरावर सावलीत वाळत घातले. मेहुण्याच्या गच्चीवर सूरच सूर मांडलेले होते. सौ. त्या दिवशी माझ्याशी जे बोलली ते लिहिण्यासारखे नाही, पण १९९७ च्या अबोल्याची तिने त्यात भरपाई केली.

गणपती २ सप्टेंबरला होते आणि माझ्या नऊ तारखा ठरलेल्या होत्या. पेटी मी कुठूनही उसनी घेतली असती. मिरजेतल्या कारागिराने स्वतःहून विचारले होते. मी त्या गृहस्थांना फोन केला. उचलला नाही. दुसऱ्या दिवशी केला. निरोप आला की मंडळांनीच कार्यक्रम रद्द केले, पूरग्रस्त भागात उत्सव साधेपणाने करणार आहेत. मला ते खरे वाटले. तसे चाललेही होते.

गणपतीच्या पाचव्या दिवशी कऱ्हाडहून एका जुन्या श्रोत्याचा फोन आला. म्हणाले, “तुमच्या कार्यक्रमाला आलो होतो, पण तुम्ही कुठे? एक मुलगा कीबोर्डवर वाजवतोय, तबला मशीनवर लावलाय.” मग त्यांनी सांगितले की निवेदन तेच होते. गुरुजींनी तीन तास भाता ओढायला लावला, ती आठवण त्या निवेदकाने ‘आमचे गुरुजी’ म्हणून वाचली. माझ्या गुरुजींना त्याने पाहिलेही नव्हते. कीबोर्डला भाता नसतो, एवढाही विचार कोणी केला नव्हता.

नऊच्या नऊ तारखा तशाच गेल्या. मंडळांना सांगितले गेले होते की माझ्या पेट्या बुडाल्या, मी यापुढे वाजवणार नाही. नऊ तारखांचा विसार ३१,५०० रुपये त्यांच्याकडे होता, तो आजवर आलेला नाही. माझ्याकडे लिहून घेतलेला एक कागदही नव्हता. चार वर्षे आम्ही एका ताटात जेवलो होतो, कागद कसा मागणार, असे मला वाटायचे.

म्हणून सांगतो, आणि हे मला कोणी विचारलेले नाही तरी सांगतो. वही कोणाला देऊ नका. भाऊ असला तरी तारखा तुमच्याच नावाच्या पत्रावर ठरू द्या. विसार तुमच्या खात्यात येऊ द्या. बिदागी ठरवताना जायचा दिवस आणि यायचा दिवस धरा, कारण दोन तास वाजवण्यापायी तुमचे तीन दिवस जातात. संस्था १० टक्के टीडीएस कापतात, त्यावर भांडू नका, पण कपातीचे प्रमाणपत्र मागून घ्या. बाहेरगावच्या तबलजीला आठ दिवस आधी स्वतः फोन करून पट्टी, म्हणजे कोणता सा धरणार ते, सांगा. काळी एकला पांढरी दोनचा तबला उतरवून घेतला की त्याचा आवाज मरतो आणि लोकांना वाटते पेटीच बेसूर आहे. माईक भात्याजवळ लावू देऊ नका, सगळी हवा त्यात घुसते.

आता काकांविषयी. वेंगुर्ल्याजवळच्या एका देवस्थानचे ते खजिनदार. २००१ पासून त्यांच्याकडे नवरात्रात एक रात्र माझी असते. पहिल्या वर्षी उत्सवाच्या पाकिटात कमी पैसे निघाले तेव्हा त्यांनी स्वतःच्या खिशातून भर घातली होती आणि मला ते तिसऱ्या वर्षी दुसऱ्याकडून कळले. त्या गृहस्थांनी त्यांनाही फोन केला होता. काकांनी ऐकून घेतले आणि दुसऱ्या मिनिटाला मला लावला.

“पेटी बुडली तर बुडली, हात खंय बुडले तुजे?”

मी म्हटले, “काका, उसनी पेटी घेऊन येतो.” ते म्हणाले, उसनी कशाला, देवळात पायपेटी आहे. त्या भागात दशावतारामुळे पायपेटी लोकांच्या ओळखीची. पण मी जन्मभर हातपेटी वाजवलेली, डाव्या हाताला भात्याची सवय. पायपेटीत दोन्ही हात मोकळे आणि दम पायांत. मी चार दिवस आधी गेलो आणि देवळाच्या पडवीत सकाळ-संध्याकाळ नुसते पाय मारण्याचा सराव केला. काका समोर खांबाला टेकून बसायचे. काही बोलायचे नाहीत. डाव्या हाताने खर्जाचा स्वर धरून ठेवता येतो, उजवा मोकळा गात राहतो, हे मला तिथे उमगले. हातपेटीवर २२ वर्षांत जी जागा घेता आली नव्हती ती त्या पडवीत आली.

त्या रात्री तीन तास वाजवले. आंबोलीहून येताना दरडी पडलेल्या पाहिल्या होत्या, तरी गोव्याहून, सावंतवाडीहून लोक आले होते. बिदागीचे पाकीट काकांनी माझ्या हातात दिले नाही, पंचांसमोर देवीच्या पायाशी ठेवून मग दिले. त्यात ठरल्यापेक्षा पाच हजार जास्त होते. पत्रिकेवर नाव सगळ्यात वर होते.

ग्राहकांच्या १४ पेट्या मी अकरा महिन्यांत फुकट उभ्या करून दिल्या. तरीही दोघांनी नुकसानभरपाई मागितली, ती पतसंस्थेचे कर्ज काढून दिली. सौंच्या पाटल्या गहाण होत्या, त्या २०२३ मध्ये सुटल्या. मार्च २०२० ला सगळ्यांचेच बंद झाले, त्याचे वेगळे काय सांगू. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा ५० फुटांच्या वर गेले तेव्हा दुकान विश्रामबागेत आलेले होते. वही मी आठवून आठवून पुन्हा लिहिली. १८ वर्षांची वही तशी पुन्हा होत नाही, पण १४० गावे आठवली.

ते गृहस्थ दोन वर्षांपूर्वी मिरजेत एका लग्नात समोर आले. नमस्कार केला, म्हणाले, “झाले गेले विसरा, एक मोठी तारीख आहे.” मी नमस्कार केला नाही. यावर काही जण मला हट्टी म्हणतात. ज्यांनी गच्चीवर वाळत घातलेले सूर पाहिले नाहीत त्यांनी म्हणावे.

काका आता ८४ वर्षांचे आहेत. या पावसाळ्यात ती पायपेटी टेम्पोतून सांगलीला आणली आहे. भाता नवा करायचा आहे, डाव्या पायाचा पट्टा झिजला आहे, आणि खर्जातला पंचम दाबला की उशिरा बोलतो. कानस तीच वापरतो आहे. घटस्थापनेच्या आधी देवळात पोचवायची आहे.