वासारीच्या घरापासून मसाच्चोच्या भिंतीपर्यंत

फ्लॉरेन्सहून आरेत्झोला जाणारी पॅसेंजर गाडी तास-सव्वा तासात पोहोचते. या गावी उतरणारे बहुतेक प्रवासी सान फ्रान्चेस्को चर्चमधली पिएरो देल्ला फ्रान्चेस्काची भित्तिचित्रे पाहायला आलेले असतात. तीही मी पाहिली, परंतु माझा प्रवास मुख्यतः एका घरासाठी होता. गावाच्या वरच्या अंगाला, व्हिया व्हेन्ती सेत्तेंब्रे या शांत रस्त्यावर ते उभे आहे. १५४१ साली जोर्जो वासारी या चित्रकाराने ते विकत घेतले आणि पुढची काही वर्षे, इतर कामांतून सवड मिळेल तशी, त्याची छते व भिंती स्वतः रंगवल्या.

कलामहाविद्यालयात असताना युरोपीय कलेचा इतिहास आम्ही वहीत उतरवून घेत असू. आधी चिमाबुए, मग त्याचा शिष्य जोत्तो, त्यानंतर मसाच्चो, दोनातेल्लो आणि ब्रुनेल्लेस्की, आणि सर्वांत शेवटी लिओनार्दो, राफाएल व मायकेलअँजेलो. हा क्रम कुणा माणसाने लावलेला असेल, असे त्या वयात माझ्या मनातही आले नाही. डोंगर आणि नद्या जशा जिथल्या तिथे असतात, तशीच ही नावे आपापल्या जागी आहेत असे वाटे. तो क्रम लावणारा माणूस म्हणजे वासारी. त्याने लिहिलेली चित्रकार, शिल्पकार आणि वास्तुकारांची चरित्रे १५५० साली फ्लॉरेन्समध्ये प्रथम छापली गेली आणि १५६८ साली त्यांची बरीच वाढवलेली, कलावंतांची काष्ठमुद्रित व्यक्तिचित्रे असलेली दुसरी आवृत्ती निघाली. कलेला बालपण, वाढ आणि पूर्णत्व अशा तीन अवस्था असतात, ही त्या ग्रंथाची मांडणी आहे, आणि ज्याला आपण आज प्रबोधनकाळ म्हणतो त्याला ‘पुनर्जन्म’ या अर्थाचा ‘रिनाशिता’ हा शब्द वापरणाराही तोच आहे.

घर मोठे नाही. एका दालनातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे फिरत जावे लागते, आणि मागे छोटीशी बाग आहे. कीर्तीच्या दालनात कर्णा घेतलेली कीर्तिदेवता छतावर आहे, आणि तिच्याखाली मायकेलअँजेलो, आंद्रेआ देल सार्तो, लुका सिन्योरेल्ली, आरेत्झोचाच स्पिनेल्लो अशा कलावंतांचे चेहरे आहेत. त्यांच्या पंगतीत वासारीने आपले पणजोबा लाझ्झारो यांना आणि स्वतःलाही बसवले आहे. वासारी हे आडनाव मातीची भांडी घडवण्याच्या धंद्यावरून आलेले. त्याचे आजोबा कुंभार होते. कुंभाराचा नातू आपल्या घराच्या भिंतीवर कलावंतांची वंशावळ रंगवतो आणि त्याच सुमारास तीच वंशावळ कागदावरही उतरवू लागतो, हे त्या दालनात उभे राहून पाहिले तेव्हा त्या ग्रंथाचे मूळ मला या भिंतींत सापडले.

सर्वांत जास्त वेळ मी चूल असलेल्या मोठ्या दालनात थांबले. भिंतींवर प्राचीन ग्रीक चित्रकारांच्या कथा आहेत, आणि छताच्या मध्यभागी सद्गुण, मत्सर आणि दैव या तीन आकृतींची झुंज आहे. दुसऱ्या आवृत्तीत वासारीने स्वतःचे चरित्र जोडले, त्यात या छताबद्दल तो सांगतो की पाहणारा दालनात फिरू लागला म्हणजे कधी दैव इतर दोघांच्या वर दिसते, तर कधी सद्गुण. आणि खरोखरच्या आयुष्यातही पुष्कळदा असेच होते, अशी पुस्ती तो जोडतो. मी मान वर करून भिंतीकडेने सावकाश चालत गेले. दाराजवळून एक आकृती वरचढ वाटते, खिडकीपाशी आल्यावर दुसरी. चरित्रे लिहिणाऱ्या माणसाला याहून योग्य छत कोणते असणार, असे मला तेव्हा वाटले आणि अजूनही वाटते.

त्याच्या ग्रंथातला मला सर्वांत प्रिय असलेला प्रसंग आरेत्झोतलाच आहे. म्हातारा लुका सिन्योरेल्ली कोर्तोनाहून इथल्या एका बंधुमंडळासाठी रंगवलेले चित्र घेऊन आला. ते चित्र माणसांनी खांद्यावरून वाहून आणले होते. तो उतरला वासारींच्या घरी, कारण तो लाझ्झारोंचा भाचा. जोर्जो तेव्हा आठ वर्षांचा होता, आणि शाळेत अभ्यास सोडून नुसत्या आकृत्या काढत बसतो अशी मास्तरांची तक्रार होती. सिन्योरेल्लीने त्याच्या वडिलांना निक्षून सांगितले की मुलाला रेखाटन शिकू द्या. मुलाकडे वळून तो म्हणाला, “शीक, बाळा.” त्या पोराचा घोळणा वारंवार फुटत असे आणि कधीकधी रक्त इतके जाई की तो निपचित पडे, हे कळल्यावर म्हाताऱ्याने जॅस्पर नावाचा खडा स्वतःच्या हाताने त्याच्या गळ्यात बांधला. ही आठवण आपल्या मनात कायमची कोरली गेली आहे, असे वासारी लिहितो. ज्यांना त्याने स्वतः पाहिले, ज्यांच्या हाताचा स्पर्श त्याच्या लक्षात राहिला, त्यांच्याविषयी लिहिताना त्याच्या लेखणीत जी ऊब येते, ती पुढच्या चरित्रकारांत मला क्वचितच आढळली आहे.

मात्र ज्यांना त्याने पाहिले नव्हते, त्यांच्या बाबतीत तो ऐकीव गोष्टींवर अवलंबून होता, आणि त्याचे परिणाम काय झाले ते पाहायला मी दुसऱ्या दिवशी फ्लॉरेन्समधल्या सांत अपोल्लोनियाच्या जुन्या मठात गेले. सान मार्कोपासून पाच मिनिटांवर हा मठ आहे. आत जायला तिकीट नव्हते आणि गर्दीही नव्हती. जोगिणींच्या भोजनगृहाची एक सबंध भिंत आंद्रेआ देल कास्तान्योने १४४७ साली रंगवलेल्या ‘अंतिम भोजना’ने व्यापली आहे. येशू आणि शिष्य टेबलाच्या पलीकडे ओळीने बसले आहेत. अलीकडच्या बाजूला एकटा, येशूचा विश्वासघात करणारा यहूदा, काळे केस, टोकदार नाक, अंग ताठ. मागच्या भिंतीवर संगमरवराचे चौकोनी फलक रंगवले आहेत आणि ते बहुतेक शांत आहेत, पण येशू, पेत्र आणि यहूदा यांच्या डोक्यांवर आलेल्या फलकात दगडाच्या शिरा वीज कडाडल्यासारख्या वेड्यावाकड्या धावतात. कुणाच्याही चेहऱ्यावर आरडाओरडा नाही. जे घडणार आहे ते सगळे त्या दगडात आहे.

या चित्रकाराला वासारीने खुनी ठरवले. त्याची कथा अशी: दोमेनिको व्हेनेत्सियानो या दुसऱ्या चित्रकाराला तैलरंगाचे रहस्य ठाऊक होते, ते त्याने मित्र म्हणून कास्तान्योला शिकवले, मग मत्सराने पेटलेल्या कास्तान्योने एका रात्री वाटेत दबा धरून शिशाच्या वजनाने त्याची वीणा आणि पोट दोन्ही चेचले, परत येऊन काही घडलेच नाही असे कामाला बसला, आणि बातमी आल्यावर धावत जाऊन ‘माझ्या भावा’ म्हणत रडला. दोमेनिकोने त्याच्याच मिठीत प्राण सोडला, आणि कास्तान्योने मरणशय्येवर गुन्ह्याची कबुली दिली. कथा विलक्षण रंगतदार आहे. ती वासारीने रचलेलीही नव्हती. त्याच्या आधीच्या फ्लॉरेन्समधल्या टिपणांत ती होती. पण तैलरंग यान व्हान आयक या फ्लेमिश चित्रकाराने शोधला आणि तो हातोहात इटलीत उतरला, या त्याच्या मांडणीत ती चपखल बसत होती, आणि त्याच्या लेखणीतून उतरल्यावर ती तीनशे वर्षे इतिहास म्हणून वाचली गेली. एकोणिसाव्या शतकात गाएतानो मिलानेसी या अभ्यासकाने फ्लॉरेन्सची दप्तरे चाळली, तेव्हा उघड झाले की कास्तान्यो १४५७ साली प्लेगने गेला आणि दोमेनिको त्याच्यानंतर चार वर्षांनी, १४६१ साली. ज्याचा खून झाला असे सांगितले गेले, तो खुन्यापेक्षा अधिक जगला होता.

सांत अपोल्लोनियाची ही भिंत वासारीने पाहिलीच नव्हती, कारण जोगिणींच्या अंतःपुरात बाहेरच्या पुरुषाला प्रवेश नव्हता. एकोणिसाव्या शतकात मठ बरखास्त झाला तेव्हा ती जगापुढे आली. ती पाहिली असती तर त्याने ती कथा वेगळ्या सुरात सांगितली असती का, हा प्रश्न त्या रिकाम्या दालनात माझ्या डोक्यातून जाईना. एका माणसाच्या नावावर तीनशे वर्षे खून लिहिलेला राहिला याचे मला मनापासून वाईट वाटले. आणि तरीही हे मान्य केलेच पाहिजे की मिलानेसीला काय तपासायचे हे वासारीमुळेच कळले. त्याने १८७८ ते १८८५ या काळात छापलेली वासारीची टीपांसहित आवृत्ती हाच पुढच्या संशोधनाचा पाया झाला.

वासारीच्या साच्यातून पुढे कितीतरी ग्रंथ निघाले. त्याच्या हयातीतच, १५५३ साली, आस्कानियो कोंदिव्हीने मायकेलअँजेलोचे वेगळे चरित्र छापले. त्यात वासारीच्या पहिल्या आवृत्तीतल्या चुका दुरुस्त करण्याचा हेतू स्पष्ट दिसतो, आणि वासारीने दुसऱ्या आवृत्तीत त्यातला मजकूर मुकाट्याने उचलला. कारेल व्हान मांडरने १६०४ साली हार्लेममध्ये डच आणि फ्लेमिश चित्रकारांची चरित्रे छापली, बेल्लोरीने १६७२ साली रोममध्ये, तर सांड्रार्टने १६७५ पासून जर्मनीत. व्हान मांडर नसता तर पीटर ब्रूगेलविषयी आपल्याला फारच थोडे कळले असते. अठराव्या शतकात विंकेलमान या जर्मन अभ्यासकाने शैलीचा इतिहास लिहायला घेईपर्यंत युरोपात कलेचा इतिहास म्हणजे कलावंतांची चरित्रे असेच समीकरण होते.

फ्लॉरेन्सला, आणि फ्लॉरेन्समधल्या रेखाटनाला, वासारीने झुकते माप दिले हे खरे. एल ग्रेको आणि आन्निबाले कार्राच्ची या चित्रकारांकडच्या प्रतींच्या समासात दोघांनीही त्याच्यावर संतापून लिहिलेले शेरे आजही वाचता येतात. परंतु फ्लॉरेन्समधल्या सांता मारिया नोव्हेल्ला चर्चच्या संग्रहालयात प्लाउतिल्ला नेल्ली या जोगिणीने रंगवलेले सात मीटर लांबीचे ‘अंतिम भोजन’ पाहताना मला त्याचे एक वाक्य आठवले. पुरुषांना मिळते तशी अभ्यासाची आणि जिवंत माणसांवरून रेखाटनाची सोय तिला मिळाली असती तर तिने अद्भुत कामे केली असती, असे तो १५६८ साली लिहून गेला आहे. त्या काळातल्या लेखकाला हे दिसले आणि त्याने ते छापले, याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

त्याच चर्चमध्ये डाव्या भिंतीवर मसाच्चोचे ‘त्रिमूर्ती’ (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) हे भित्तिचित्र आहे. त्यातली कमानदार छताची खोली इतक्या अचूक दृष्टिक्रमाने रंगवली आहे की भिंतीला भोक पडल्यासारखे वाटते, असे वासारीने तिचे कौतुक केले. पुढे फ्लॉरेन्सचा शासक ड्यूक कोसिमो याच्या आज्ञेने हे चर्च नव्या पद्धतीने सजवण्याचे काम त्याच्याकडेच आले, आणि १५७० च्या सुमारास त्याने याच चित्रापुढे दगडी वेदी उभारून तिच्यात स्वतःचे ‘जपमाळेची माता’ हे चित्र बसवले. मसाच्चोचे चित्र त्याने खरवडले नाही, त्यावर चुनाही फिरवला नाही. वेदीच्या मागे ते तसेच ठेवले. १८६० च्या सुमारास वेदी हलवली तेव्हा ते पुन्हा दिसले. मी समोरच्या खांबाजवळ उभी राहिले. फिरवून दाखवणारे वाटाडे एकामागून एक गट घेऊन येत होते, प्रत्येकजण त्या रंगवलेल्या छताकडे बोट करून भिंतीतल्या भोकाविषयीच सांगत होता, आणि गट हलला की पुढचा त्याच जागी येऊन थांबत होता.

वासारीची ‘जपमाळेची माता’ अजून याच चर्चमध्ये आहे, उजव्या बाजूच्या बार्दी चॅपेलमध्ये. निघण्यापूर्वी मी तिथे गेले आणि बराच वेळ बसले. त्या दुपारी तिच्यापुढे दुसरे कुणी नव्हते.