आमची वाटचाल : तिरप्या सांध्यावर उभा राहिलेला होडीचा कारखाना

वडिलांनी मालवणात होड्यांच्या दुरुस्तीचे काम सुरू केले, त्या काळी सागवानी फळी लांबीला अपुरी पडली की दोन फळ्यांची टोके तिरपी तासून ती एकमेकींवर अशी बसवत की सांध्याच्या जागी जाडी तसूभरही वाढत नसे. यालाच स्कार्फ जोड म्हणतात. पुढे किनाऱ्यावर फायबरच्या होड्या आल्या, दुरुस्तीची कामे ओसरली आणि आम्ही मरीन प्लायच्या, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायवुडच्या, लहान होड्या बांधू लागलो. प्लायचा ताव सहसा आठ फुटी आणि होडीची बाजू चौदा-पंधरा फुटांची, त्यामुळे वडिलांचा तोच जोड आमच्या नव्या कामाचाही आधार झाला.

लाकडाच्या आडव्या कापात तंतूंची तोंडे उघडी असतात. ती चिकटद्रव्य शोषून घेतात आणि सांधा दुबळा राहतो. काप लांब व तिरपा घेतला की चिकटायला जागाही जास्त मिळते आणि तंतूंची पकडही. म्हणून प्लायला आम्ही जाडीच्या आठपट लांबीचा उतार देतो, म्हणजे 6 मिमीच्या तावाला 48 मिमी आणि 12 मिमीच्या तावाला 96 मिमी. डोलकाठीच्या भरीव लाकडाला बारापट. मागून पट्टी मारून ताव जोडणे स्वस्त पडते, पण तेथे ताठरपणा येऊन होडीच्या बाजूचे वळण तुटक दिसते, म्हणून बाजूच्या तावांसाठी ते काम आम्ही घेत नाही.

तावांची चळत पायऱ्यांसारखी रचून सर्वांवर एकत्र रंधा मारतात. प्लायच्या थरांच्या रेषा सरळ व समांतर उमटल्या तर उतार बरोबर आहे. त्या नागमोडी झाल्या तर कोठेतरी खोलगट भाग आहे, हे आमचे जुने सुतार लांबूनच ओळखतात. इपॉक्सी या चिकटद्रव्याचा पहिला पातळ हात लाकडात मुरू द्यावा लागतो, मग घट्ट केलेले मिश्रण लावायचे आणि क्लॅम्प (ताव दाबून धरणारा शिकंजा) बेताचाच आवळायचा, कारण अति दाबाने इपॉक्सी बाहेर निघून सांधा कोरडा पडतो. कोकणातल्या पावसाळ्यात हे काम आम्ही बंद खोलीतच करतो.

प्रत्येक जोडाच्या कडेची एक पट्टी कापून आम्ही ती मोडून पाहतो. ती सांध्यावर न सुटता लाकडातच तुटली, तरच तो ताव होडीला लागतो आणि होडी ताब्यात देताना ती मोडलेली पट्टी आम्ही ग्राहकाच्या हाती देतो.