डोंबिवलीची संख्या : १२३४५६७८९८७६५४३२१

मी डोंबिवलीत गणिताच्या शिकवण्या घेते. वर्ग-वर्गमूळ सुरू झालं की मुलांना चौकटीच्या वहीत १११११११११ चा वर्ग मांडायला लावते. कॅल्क्युलेटर बंद.

प्रत्येक ओळीत तेच नऊ एक्के, फक्त दर खेपेला एक घर डावीकडे सरकलेले. मग उभी बेरीज. उजवीकडून पहिल्या घरात एक, पुढच्यात दोन, मग तीन, असं चढत मध्यावर नऊ आणि तिथून पुन्हा उतरत एकपर्यंत. उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१. हातचा एकदाही घ्यावा लागत नाही, सगळी गंमत तिथेच आहे! दहा एक्के घेऊन बघा. मध्यावर बेरीज दहा होते, हातचा शेजारच्या नवाचे दहा करतो, तो हातचा पुढच्या आठाचे नऊ. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१, आणि चढतीवरचा आठ नाहीसा.

या घराण्याला ‘डेम्लो संख्या’ हे नाव दिलं द. रा. कापरेकर यांनी. डेम्लो म्हणजे आपली डोंबिवली, तेव्हाच्या जीआयपी (आताच्या मध्य) रेल्वेवरचं स्टेशन. या संख्यांची कल्पना त्यांना इथेच सुचली. १९०५ साली डहाणूत जन्मलेले, देवळालीच्या शाळेतले शिक्षक. व्याख्या त्यांनी ऐसपैस ठेवली होती: २५५३ मध्ये दोन टोकांची बेरीज (२ + ३) मधे पुन्हापुन्हा येते, म्हणून तीही डेम्लो. १२१, १२३२१ या मालिकेला ते ‘वंडरफुल डेम्लो’ म्हणत. रोज लाखो माणसं या स्टेशनातून चढतात-उतरतात. त्यांतल्या प्रत्येकाला हे ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं.

या आकृतीचं आकर्षण तसं फार जुनं. नवव्या शतकात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त १२३४५६५४३२१ चं वर्णन केलंय: एकापासून सहापर्यंत चढणारी आणि तशीच उतरणारी संख्या.

आता आपली सतरा अंकी संख्या फोडू. १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७, आणि ३३३६६७ ही मूळ संख्या. म्हणजे वर्गात ३ चार वेळा, बाकीचे दोघे दोन-दोन वेळा. या प्रत्येक आकड्यात एक मिळवून गुणलं की एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५; पूर्ण वर्ग असल्यामुळे विषमच येणार. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ नेच तिला नि:शेष भाग जातो. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग.

भागण्याऐवजी ८१ ने गुणलं तर ९९९९९९९९८००००००००१ मिळतात. हा ९९९९९९९९९ चा वर्ग. मधोमध तोडा: ९९९९९९९९८ आणि ००००००००१. बेरीज पुन्हा ९९९९९९९९९! वर्गाच्या दोन तुकड्यांची बेरीज करून पहिलीच संख्या परत देणाऱ्या अशा संख्यांना जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. ७०३ करून बघा: वर्ग ४९४२०९, आणि ४९४ + २०९ = ७०३.