छातीतल्या डागामागं : निपाणी, कोल्हापूर, बेळगाव

आधी निकाल सांगते, मग रस्ता. छातीतल्या गाठीचा तुकडा सुईनं काढायच्या (बायोप्सीच्या) दिवशी, पेशंटला आत न्यायच्या आधी डॉक्टरला एवढंच विचारा : तुकडे दोन बाटल्यांत घालणार ना? एक फॉर्मॅलिनची (तुकडा टिकवणाऱ्या द्रावणाची), एक साध्या सलाइनची. ‘हो’ म्हणाले तर जाऊ द्या. ‘त्याची गरज नाही’ म्हणाले तर का नाही ते तिथंच विचारा, स्ट्रेचर हलायच्या आधी. घाईत असाल तर पुढचं नाही वाचलंत तरी चालेल.

आई निपाणीची, म्हणजे सीमेवरच्या कर्नाटकातली. सगळा जन्म मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या, स्वतः एक ओढली नाही. पावसाळ्यापासून खोकला, वजन उतरलेलं, एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या अंगाला डाग. प्रत्येक डॉक्टरचा पहिला प्रश्न तोच, ‘विडी-सिगारेट ओढता का?’ ‘नाही’ म्हटलं की पेन पुढच्या रकान्यावर जायचं. तंबाखूची धूळ, चुलीचा धूर हे कुणी विचारत नाही, आपणच सांगायचं आणि केसपेपरवर लिहून घ्यायला लावायचं. न ओढणाऱ्या बायकांनाही फुप्फुसाचा कॅन्सर होतो. आणि आमच्या गल्लीत टीबीही काही नवा नाही. या दोन शक्यता शेवटपर्यंत बरोबर चालल्या, आणि गोंधळ झाला तो एकीच्या नादात दुसरी विसरणाऱ्यांमुळं.

फाइल, झेरॉक्स, आधार, शाल, चार्जर हे मी सांगत बसत नाही. बरोबर माणूस असा घ्या जो जिने चढेल, रात्र बाकावर काढेल आणि दर तासाला ‘काय म्हणाले?’ विचारणार नाही. तिसरी अट सगळ्यात अवघड.

रक्ताच्या तपासण्या, ईसीजी वगैरे दिवस सरळ गेले. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

थुंकीवर मात्र आहे. सरकारी दवाखान्यात थुंकीची टीबी तपासणी फुकट होते आणि पहिली तीच करायची. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट मशीनवर काही तासांत निकाल येतो, रिफॅम्पिसिन हे औषध लागू पडेल का तेही कळतं. आईची निगेटिव्ह आली, कारण डबीत नुसती लाळ होती. पहाटे उठल्याउठल्या, चूळ भरून, खोल खोकून काढलेला बेडका लागतो, हे डबी देणाऱ्यानं सांगायला हवं होतं. त्यात आमच्या बायका चारचौघांत खाकरायला लाजतात. आईला मोकळ्यावर, माणसं नसतील तिथं न्या आणि तुम्हीही पाठ फिरवा. आणि एवढं करूनही निगेटिव्ह आली, तर टीबी नाही असं धरू नका.

सीटीला आम्ही दोनदा पैसे भरले. स्कॅन सेंटरच्या काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘एचआरसीटी करा, त्यात सगळं दिसतं.’ केला. छातीच्या डॉक्टरनं फिल्म उजेडाकडं धरली आणि म्हणाले, ‘हा साधा आहे, मला कॉन्ट्रास्ट (शिरेत औषध टोचून काढलेला) हवा होता.’ मग पुन्हा रांग, पुन्हा पावती, आणि सीडीचे ३०० रुपये वेगळे. छातीचा डॉक्टर स्वतः लिहून देत नाही तोवर सीटीच्या पायऱ्या चढू नका. कॉन्ट्रास्ट असेल तर क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट लागतो आणि साखरेची मेटफॉर्मिन चालू असेल तर आधी सांगावं लागतं. सीडी सोडू नका, पुढचा प्रत्येक डॉक्टर तीच मागतो. फिल्मची ती भली मोठी पिशवी बसमध्ये दुमडू नये म्हणून मी ताटकळत उभी राहिले, आणि पुढं एकानंही ती उघडली नाही.

रिपोर्टमध्ये लिहिलं होतं : तीन सेंटिमीटरच्या वर गाठ, कडा काटेरी, मधल्या ग्रंथी सुजलेल्या, कॅन्सरची शक्यता तपासावी, टीबीचाही विचार व्हावा. म्हणजे जिथून निघालो तिथंच.

आता पेट स्कॅन. घरातल्या मोठ्यांनी धोशा लावला, ‘थेट पेट करा, दूध का दूध होतंय.’ होत नाही. पेटमध्ये किरणोत्सारी साखर टोचतात आणि ती जिथं जास्त खाल्ली जाते ती जागा पेटते. कॅन्सर पेटतो, टीबीची गाठही तशीच पेटते. आईची पेटली. किती पेटली त्याचा रिपोर्टमधला आकडा बघून घरात रडारड झाली आणि पुढच्या डॉक्टरनं तोच आकडा बघून खांदे उडवले, ‘यावरून काही म्हणता येत नाही, तुकडा काढा.’ पेट वाईट नाही. कॅन्सर ठरला तर तो कुठवर गेलाय हे बघायला आणि सुई कुठं मारायची ते ठरवायला कामाचा आहे. पण टीबीच्या मुलखात निदानाची पहिली पायरी म्हणून एवढे पैसे घालणं मला तरी पटलेलं नाही. तुमच्या डॉक्टरनं लिहून दिलाय की काकांनी, एवढं बघा.

जायचंच असेल तर सहा तास उपाशी, साखर दोनशेच्या आत. वेळ चुकवू नका. त्या औषधाचा जोर दर ११० मिनिटांनी निम्मा होतो आणि तुमच्या नावाचा डोस बाहेरून गाडीनं आलेला असतो. उशीर झाला तर तो तुमची वाट बघत नाही. टोचल्यावर तासभर गप्प पडून राहायचं, कारण स्नायू हलले तर साखर तिकडं जाते. आईला नंबराची चिठ्ठी दिली होती. तिनं ती आडवी धरली, कड दुमडली, अंगठ्यानं दाबत गुंडाळली, टोक बंद केलं. टेक्निशियन आत येऊन म्हणाला, ‘मावशी, हात हलवू नका.’ पाच मिनिटांनी पुन्हा तेच. शेवटी त्यानं चिठ्ठी काढून घेतली आणि आतला नंबर वाचायला ती उलगडत बसला. मग ती पांघरुणाची कड वळायला लागली. त्या दिवशी संध्याकाळी लहान मुलं आणि गरोदर बाई यांच्यापासून लांब राहायचं असतं. घरी नातू धावत येतो, आधीच कुणाकडं तरी ठेवा.

रस्त्याचं थोडक्यात. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव पंच्याहत्तरेक. जवळ म्हणून सगळे कोल्हापूर धरतात. बेळगावच्या लाल बसला जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना तिकीट नाही, आधार दाखवायचं. आंतरराज्य गाडीला ते चालत नाही. कोल्हापूरला तपासणी असेल आणि सीमेवर काही तापलं असेल तर आदल्या दिवशीच जा. डिसेंबर २०२२ मध्ये दोन्हीकडच्या बस थांबल्या होत्या, आणि अशा दिवशी कोगनोळी नाक्यावर ‘आमची अपॉइंटमेंट आहे’ हे कुणाला सांगणार?

कार्डाचं त्याहून वाईट. आमचं रेशनकार्ड कन्नडमध्ये, कोल्हापूरच्या काउंटरवर ते उलटंसुलटं करून परत दिलं. आरोग्य कर्नाटक या तिथल्या सरकारी उपचार योजनेला सरकारी दवाखान्याचं रेफरल लेटर लागतं, तेही आधी. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये महात्मा फुले योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, आणि कर्नाटकानं त्याला विरोध केला. भाषणं दोन्हीकडची ऐकली. आमचा निदानापर्यंतचा सगळा खर्च मात्र खिशातून गेला, कारण योजनेच्या खिडकीवर पहिला प्रश्न असतो, ‘आजार काय?’ आणि तेच शोधत तर आम्ही फिरत होतो. रेफरल लेटर पहिल्याच आठवड्यात काढून ठेवा, लागो न लागो.

आता सुई. याच टप्प्यानं आमचा जीव काढला.

पहिल्या वेळी एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात सीटीखाली सुई घातली. हात छान होता, आईला फार दुखलं नाही. काढलेले सगळे तुकडे एका बाटलीत, फॉर्मॅलिनमध्ये. बाटली माझ्याच हातात दिली, लॅब दुसऱ्या गल्लीत म्हणून. पोहोचवली, भरपूर दिवस वाट बघितली. रिपोर्ट रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर आला : मृत पेशी, जुनी सूज, पाहिलेल्या तुकड्यात कॅन्सरच्या पेशी नाहीत, संशय असल्यास पुन्हा तुकडा घ्यावा. भावानं पहिली ओळ वाचून देवापुढं नारळ फोडायची तयारी केली. छातीच्या डॉक्टरनं शेवटची ओळ वाचली. ‘पाहिलेल्या तुकड्यात नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे, सुई मेलेल्या भागात गेली असेल. मग म्हणाले, ‘ठीक आहे, टीबीचं कल्चर काय आलं?’

कल्चर, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघणं, झालंच नव्हतं. फॉर्मॅलिन जंतूंना मारतं, त्यातल्या तुकड्यावर कल्चर लागत नाही. कल्चरला आणि सीबीनॅटला ताजा तुकडा सलाइनमध्ये द्यावा लागतो. दोन मिलिमीटर तुकडा आणि पाच रुपयांचं सलाइन, एवढ्यासाठी माझ्या आईच्या बरगड्यांतून पुन्हा सुई. हॉस्पिटलात विचारलं तर उत्तर, ‘रिक्वेस्टमध्ये लिहिलं नव्हतं.’ तिथं संशय टीबीचाही आहे हे सीटीच्या रिपोर्टवर छापलेलं होतं. मी अजून रागात आहे, तेव्हा हा परिच्छेद तेवढ्या हिशेबानं वाचा. पण बाटल्यांचं विसरू नका.

दुसऱ्या सुईच्या आधी घरातून नवा अडथळा, ‘सुई लावली की पसरतंय.’ फुप्फुसात असं होणं अत्यंत क्वचित. निदान न होता बसून राहण्याचा धोका त्यापेक्षा किती तरी मोठा. ‘आईला काही सांगू नका’ हाही आग्रह होता. कोल्हापूरच्या रांगेत आईच म्हणाली, ‘गाठ हाय न्हवं? मग तोंडं लपवून कशाला फिरताय? मला कळतंय की.’ त्यानंतर सगळं सोपं झालं, सहीसुद्धा तिनंच केली.

दुसरी सुई बेळगावात. रक्त पातळ करायच्या गोळ्या किती दिवस बंद ठेवायच्या ते डॉक्टरनं लिहून दिलं. मनानं बंद करू नका, मनानं चालूही ठेवू नका. श्वास दर वेळी सारखाच धरावा लागतो, नाहीतर गाठ जागेवरून सरकते. घरी सराव करून घ्या. आत सूचना कन्नडमध्ये येतात, आईला मराठीत सांगा असं मी आधीच सांगितलं आणि टेक्निशियननं आनंदानं ऐकलं. या वेळी दोन बाटल्या, दोन्हीवर नाव मी माझ्या डोळ्यांनी वाचलं. नंतर चारेक तास झोपवून ठेवतात आणि एक्स-रे काढतात. तो डॉक्टरनं बघितल्याशिवाय स्टँडकडं निघू नका. सुईच्या भोकातून हवा सुटून फुप्फुस आकसू शकतं, आणि तवंदी घाटात बसमध्ये दम लागला तर काय करणार? त्या रात्री बेळगावातच राहा. लॉज कसलाही चालेल.

सीबीनॅट पॉझिटिव्ह आलं. टीबी. पॅथॉलॉजीतही तसंच, कॅन्सरच्या पेशी नाहीत. हॉस्पिटलच्या जिन्यात मी मोठ्यानं हसले, एक वॉचमन बघायला आला. टीबी झाल्याचा आनंद करणारी पोरगी त्यानं पहिल्यांदाच बघितली असेल.

औषधं सरकारी, फुकट. निक्षय या टीबीच्या सरकारी पोर्टलवर नोंद झाली की खुराकासाठी महिन्याला १००० रुपये खात्यावर येतात, नोव्हेंबर २०२४ पासून, त्याआधी ५०० होते. खातं आधारला जोडलेलं हवं. पहिले दोन महिने चार औषधं, मग चार महिने तीन. लघवी केशरी होते, ते रिफॅम्पिसिनमुळं, घाबरून धावू नका. पण डोळे पिवळे झाले किंवा उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी धावा.

एक गोष्ट कुणी आपणहून सांगत नाही : लॅबमध्ये तुकड्याचा मेणाचा ब्लॉक आणि काचपट्ट्या ठेवलेल्या असतात. दुसरं मत घ्यायचं तर त्याच लागतात. सही करून मागा, पावती जपा. ज्यांचा निकाल आमच्याउलट येईल त्यांना तर ईजीएफआर, एएलकेसारख्या (कॅन्सरला कोणतं औषध लागू पडेल ते बघणाऱ्या) पुढच्या तपासण्यांना तोच ब्लॉक लागणार, त्यासाठी पुन्हा सुई नको.

डॉक्टरनं पेढे घ्यायला नकार दिला नाही, पण म्हणाले, दोन महिन्यांनी पुन्हा सीटी, डाग आकसला नाही तर परत विचार करायचा, दोन्ही आजार एकत्रही असतात. आई म्हणते, ‘बघू की तवा.’ त्या सीटीला कॉन्ट्रास्ट लागणार का, ते मी त्यांच्याकडून आत्ताच लिहून घेतलंय.