आमची वाटचाल : हिंदमाताच्या पाण्यापासून बफिंगच्या मोटरपर्यंत

आमचं दुकान मुळात चष्म्याचं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दादर पूर्वेला हिंदमाताजवळ एका चाळीच्या तळमजल्यावर ते थाटलं. पुढे काचेचं काउंटर, मागे लेन्स घासायचं यंत्र, आणि त्याला पाठ लावून बसलेले अण्णा. गॉगल हा आमच्याकडे हंगामी माल. एप्रिल-मेमध्ये काउंटरवर यायचा, जून लागला की सगळ्यात खालच्या खणात जायचा. ही सवयच आम्हाला नडली.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. हिंदमाताला चार सरी आल्या तरी गुडघाभर पाणी भरायचं, त्यामुळे आम्ही निर्ढावलेले होतो. दुपारी अण्णांनी शटर अर्धं ओढलं आणि चहा मागवला. अंधार पडेपर्यंत पाणी काउंटरवर चढलं होतं. तिसऱ्या दिवशी शटर उघडलं तेव्हा खण फुगून बसले होते, स्क्रूड्रायव्हर घालून फोडावे लागले. आत तीनेकशे फ्रेम, गटाराच्या गाळात. धातूच्या फ्रेमचे स्क्रू गंजले होते. शेलच्या, म्हणजे ॲसिटेटच्या, धुऊन वर्तमानपत्रावर वाळत घातल्या, तर त्यांच्यावर पेज वाळल्यासारखा पांढरा थर आला. विमा नव्हता. भंगारवाला किलोवर न्यायला तयार होता आणि अण्णाही तयार होते. मी त्यातली एक गोणी मागून घेतली. तेव्हा डोक्यात धंदा वगैरे काही नव्हता. माल फुकट जातोय याचा राग तेवढा होता.

पहिला प्रयोग झवेरी बाजारात झाला. दागिन्यांना पॉलिश करणारा एक बंगाली कारागीर ओळखीचा होता. दादा म्हणायचो त्याला. त्याने फ्रेम हातात फिरवून पाहिली, मशीनवर धरली, आणि तीन-चार सेकंदांत आंबूस वास सुटला. कड चिक्कीच्या पाकासारखी ओढली गेली. 'ये तो मोम है,' असं म्हणून त्याने फ्रेम माझ्या हातात परत दिली.

तो बरोबर होता. ॲसिटेट हे कापसाच्या किंवा लाकडाच्या लगद्यातल्या सेल्युलोजपासून बनतं. ते लवचिक राहावं म्हणून त्यात एक मऊ करणारा पदार्थ मिसळलेला असतो. साठ अंशांच्या आसपास ते वाकायला लागतं. (म्हणूनच उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला गॉगल संध्याकाळी कानावर बसत नाही.) सोन्याला चालणारी, मिनिटाला 2800 फेऱ्यांची मोटर घर्षणानेच त्याला वितळवते. नागदेवी स्ट्रीटवरून मी 1440 फेऱ्यांची मोटर आणली, शिवण न मारलेलं सैल सुती चाक लावलं, आणि एका जागी फ्रेम दोनच्या वर मोजेपर्यंत धरायची नाही असा नियम केला. तरी गोणीतल्या पहिल्या पंधरा-वीस फ्रेम मी जाळल्याच.

दुसरी गोष्ट उशिरा कळली. पांढरा थर बफने, म्हणजे त्या सुती चाकाने, जात नाही. घाम, ऊन आणि वर्षं मिळून तो मऊ करणारा पदार्थ पृष्ठभागातून बाहेर काढतात, वरची त्वचा कोरडी पडते आणि पांढुरकी दिसते. आमच्या फ्रेमना गाळाच्या पाण्याने तेच एका आठवड्यात करून दाखवलं. लोक त्यावर खोबरेल तेल चोळतात. दोन दिवस चकाकतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा पांढरं. तो मेलेला थर घासूनच काढावा लागतो, आणि त्यासाठी आधी काचा काढायच्या, गरम हवेने पुढची फ्रेम थोडी सैल करून. मग पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर : चारशे नंबरने सुरुवात, मग सहाशे, आठशे, बाराशे. प्रत्येक पेपरने आधीच्या पेपरच्या रेघा पुसायच्या, एकही उडी मारायची नाही. चारशेची एक रेघ राहिली तर शेवटच्या चकाकीत ती हमखास दिसते, नाकाजवळच्या वळणात तर नक्कीच, कारण तिथे पेपर बोटाभोवती नाही, काडेपेटीच्या काडीभोवती गुंडाळावा लागतो. मग लस्टर, म्हणजे चकाकी आणणारा मसाला, मग कोरडा फ्लॅनेल, साबणाच्या पाण्यात धुणं, आणि शेवटी काचेच्या तावदानावर उलटी ठेवून चारही टोकं टेकतात का ते बघणं. एका फ्रेमला दीड-दोन तास. अण्णा म्हणाले, 'एवढ्या वेळात चार चष्मे विकशील.' ते खरंच होतं. पण पहिली फ्रेम तयार झाली तेव्हा त्यांनी ती खिशात घातली आणि पुढे कित्येक वर्षं वापरली.

सुरुवातीची गिऱ्हाइकं आजूबाजूच्या ऑप्टिशियन मंडळींनी पाठवलेली. मग परळ-लालबागची जुनी माणसं, मग दक्षिण मुंबईतून ड्रायव्हरच्या हातून पाकिटात येणारे गॉगल. त्यात जुनी रे-बॅन बरीच. बॉश अँड लोम्ब या अमेरिकन कंपनीने 1937 मध्ये हे नाव बाजारात आणलं, 1952 मध्ये त्यांचं वेफेरर हे मॉडेल आलं, आणि 1999 मध्ये तो धंदा इटलीच्या लक्सोटिकाला विकला गेला. जुन्या काचेवर कडेला, बिजागरीजवळ, बारीक 'बीएल' कोरलेलं असतं. गिऱ्हाईक ते दाखवतं तेव्हा आवाज जरा खाली येतो. काचा खऱ्या काचेच्या, हिरवट जी-15, पंधरा टक्के प्रकाश आत सोडणाऱ्या. अशा काचांना मी हात लावत नाही. पुसतो आणि परत बसवतो.

काचेवरच्या ओरखड्यांबद्दल रोज एकदा तरी बोलावं लागतं. 'टूथपेस्टने जातात ना हो?' नाही जात. प्लास्टिकच्या काचेवर ओरखड्यांपासून वाचवणारा, चमक कमी करणारा किंवा आरशासारखा असे अतिशय पातळ थर असतात. टूथपेस्ट म्हणजे बारीक वाळूच, ती ओरखडा राहू देते आणि आजूबाजूचा थर खरवडते. समजा सगळे थर काढून काच घासलीच, तरी तिची वक्रता ठिकठिकाणी बदलते आणि दुपारनंतर डोकं दुखायला लागतं. काच बदलायची, फ्रेम घासायची, एवढं साधं आहे. हे सांगून मी बरीच कामं घालवली आहेत.

फ्रेममध्येही सगळ्या घासता येत नाहीत. ॲसिटेटच्या पाटीतून कापलेल्या फ्रेमचा रंग आरपार असतो, म्हणून घासली की खालून तोच रंग वर येतो. साच्यात ओतलेल्या फ्रेमवर बऱ्याचदा नुसता रंग फवारलेला असतो. घासली की खालचं फिकट प्लास्टिक उघडं पडतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो रबरासारखा मऊ लेप. मुंबईच्या दमट हवेत तो काही वर्षांत स्वतःहून सुटतो आणि गुळाच्या काकवीसारखा चिकट होतो. एकदा एक बाई पंचवीस हजारांचा गॉगल घेऊन आल्या, मूळ डबीसकट. 'मी तो घातलाच नाही हो, जपून ठेवला होता!' जपून ठेवला म्हणूनच, बंद डबीत, कपाटात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने सगळा लेप काढून दिला. खाली साधी काळी, नायलॉनची, निरोगी फ्रेम निघाली. त्यांना ती आवडली नाही.

तर महाग घ्यावा का, हा प्रश्न. माझं मत दुकानदाराचं कमी आणि दुरुस्तीवाल्याचं जास्त आहे. डोळ्यांच्या संरक्षणासाठी महाग घ्यायची गरज नाही. चारशे नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण अडवणं हे काचेच्या मटेरियलचं काम आहे, पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिक ते मुळातच करतं. फॅशन स्ट्रीटवरचे दोनशे रुपयांचे गॉगल मी आमच्या यूव्ही मीटरवर ठेवून पाहिलेत, बरेचसे पास होतात. नापास होतात ते धोक्याचे, कारण गडद काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि किरण जास्त आत जातात. म्हणून 'काळाभोर दाखवा' म्हणणाऱ्यांना मी आधी मीटर दाखवतो. आणि अतिगडद, चौथ्या वर्गाची काच गाडी चालवताना घालायचीच नसते, हेही सांगतो. स्वस्तात खरी गडबड वेगळीच असते : हात लांब करून गॉगलमधून खिडकीच्या गजांकडे बघा आणि गॉगल हळू हलवा. गज लाटांसारखे हलले तर काच वाकडी आहे, किंमत काहीही असो.

मग पैसे कशाचे? बऱ्याचदा काडीवरच्या नावाचे. रे-बॅन, पर्सोल, ओकली ही एकाच घरची नावं आहेत, आणि प्राडा, शनेल यांचे गॉगलही तेच घर परवाना घेऊन बनवतं. ते वाईट बनवतात असं मुळीच नाही. पण दुकानातल्या दिव्याखाली नाव बघण्याऐवजी काडी उघडून बिजागरी बघावी. फ्रेमच्या पुढच्या बाजूला दोन ठिपके दिसतात, तिथून आत खिळे गेलेले असतील तर बिजागरी उद्या बदलता येते. काही ठिकाणी ते ठिपके नुसते चिकटवलेले असतात, खोटे. आतून बघितलं की कळतं. काडीच्या आत तार दिसते का, कड जाड आहे का, रंग आरपार आहे का? अशी फ्रेम तीन-चार हजारांतही मिळते आणि ती मी दहा वर्षांनी पुन्हा नवी करून देऊ शकतो. तीस हजारांची रंग फवारलेली मला नवी करता येत नाही. मी स्वतः काय वापरतो असं विचारतात. गोणीतलीच एक.

हातून चुकाही झाल्या. एक आजी मिस्टरांचा गॉगल घेऊन आल्या, तपकिरी, कासवाच्या कवचासारखा, काड्या पूर्ण पांढऱ्या पडलेल्या. ते जाऊन वर्ष झालं होतं, त्यांना तो नातवाला द्यायचा होता. मी मन लावून काम केलं. काडीची टोकं चावून चावून खडबडीत झाली होती, तीही गुळगुळीत केली. आजींनी गॉगल घेतला, अंगठ्याने टोक चाचपलं, पुन्हा चाचपलं. 'इथे त्यांचे दात होते,' म्हणाल्या. पैसे काउंटरवर ठेवले आणि गेल्या. मी घेत नव्हतो, तरी ठेवलेच. तेव्हापासून काम घेताना आम्ही चारही बाजूंनी फोटो काढतो आणि पावतीवर एक रकाना असतो : 'काय काढायचं नाही'. लोक आधी हसतात, मग त्यात काहीतरी लिहितात. आतल्या बाजूचे मापाचे आकडे, एखादा चरा, कुणाची तरी आद्याक्षरं.

लॉकडाऊनमध्ये दुकान बंद होतं तेव्हा मोटर घरी आणली होती. शेजाऱ्यांनी एक आठवडा सहन केलं.

आज चष्म्यांपेक्षा दुरुस्तीचं काम जास्त आहे, पण त्यातून श्रीमंती आलेली नाही. दीड तासाच्या कामाचे मी आठशे रुपये घेतो आणि त्यावरही घासाघीस होते. शिकायला आलेला शेवटचा मुलगा सहा महिन्यांत डिलिव्हरीच्या कामाला गेला, तिथे जास्त मिळतात, आणि नखांत लस्टर जात नाही. मी त्याला अडवलं नाही.

आता चाळ पुनर्विकासाला चालली आहे. नव्या इमारतीत दुकान पहिल्या मजल्यावर मिळणार, त्यामुळे हिंदमाताचं पाणी तरी आमच्यापर्यंत येणार नाही. पण मोटरची घरघर वरच्या मजल्यावर जाईल अशी सोसायटीच्या काहींची तक्रार आत्ताच सुरू झाली आहे. मोटरखाली घालायला रबराच्या जाड पट्ट्या मी नागदेवीवरून आणून ठेवल्यात. मीटिंग पुढच्या रविवारी आहे. पोटमाळ्यावर गोणीत अजून चाळीसेक फ्रेम शिल्लक आहेत.