मिसूरीच्या काठची सपाट शेतं आणि केटी ट्रेलचा 'कंटाळवाणा' पट्टा

अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात जुन्या रेल्वेमार्गावर केलेल्या केटी ट्रेल या सायकलमार्गाला निघालेल्या माणसाला सगळेजण दोनच ठिकाणं सांगतात. पश्चिमेला रोशपोर्टचा 1893 सालचा रेल्वे बोगदा आणि पूर्वेला ऑगस्टाच्या द्राक्षबागा. मधला जेफरसन सिटी ते मॅकिट्रिक हा पट्टा बरेच जण सायकल गाडीवर लादून टाळतात. का, तर "तिथे काय आहे? नुसती शेतं." सप्टेंबरअखेरीस आम्ही दोघं रोशपोर्ट ते मार्थासव्हिल हे साधारण 160 किलोमीटर अंतर सलग गेलो. मला विचाराल तर वेळ कमी असल्यास बोगदा सोडा, शेतं सोडू नका. तयारी मात्र याच पट्ट्यासाठी सगळ्यात जास्त लागते.

आधी थोडी पार्श्वभूमी. मिसूरी–कॅन्सस–टेक्सस रेल्वेने 1986 मध्ये इथली आपली लाइन बंद केली. रूळ निघाले, पण भराव, पूल आणि चढ-उताराची सौम्य आखणी तशीच राहिली, आणि त्यावर चुनखडीचा बारीक चुरा दाबून सायकलींचा रस्ता झाला. पहिला तुकडा 1990 मध्ये रोशपोर्टला खुला झाला. आज क्लिंटनपासून मेकन्सपर्यंत सुमारे 386 किलोमीटर सलग जाता येतं. शेजारच्या जमीनमालकांनी या ट्रेलविरुद्ध कोर्टकचेऱ्या केल्या होत्या, हे लक्षात असलेलं बरं. दोन्ही बाजूंची शेतं खासगी आहेत. फोटोसाठी मक्यात शिरू नका.

ट्रेलवर मैलांचे जे फलक आहेत ते जुन्या रेल्वेच्याच हिशेबाचे, सेंट लुईसकडून मोजलेले. रोशपोर्ट 178, हार्ट्सबर्ग 153, नॉर्थ जेफरसन (जेफरसन सिटीसमोर, नदीच्या उत्तर काठावर) 143, टेबेट्स 131, मोकेन 125, पोर्टलंड 115, मॅकिट्रिक 100, मार्थासव्हिल 77. हे आकडे कागदावर लिहून हँडलला चिकटवा. मोबाइलला सगळीकडे रेंज नसते आणि वाटेत दुसरी खूण मिळत नाही. हार्ट्सबर्गला ऑक्टोबरात भोपळ्यांची मोठी जत्रा भरते. तेव्हा या चिमुकल्या गावात मुक्काम मिळेल ही आशा धरू नका.

रोशपोर्ट ते जेफरसन सिटी हा भाग देखणा आहे यात वाद नाही. डावीकडे चुनखडीचे उंच कडे, उजवीकडे नदी अगदी हाताशी. मॅकबेनजवळ शेताच्या मधोमध बर ओक जातीचा एक अवाढव्य वृक्ष उभा आहे. ट्रेलपासून थोडं आत जावं लागतं, पण जा. ट्रेलवरून जेफरसन सिटीत शिरायला मिसूरी नदीवरच्या हमरस्त्याच्या पुलाला सायकलींची स्वतंत्र मार्गिका जोडलेली आहे. मुक्कामाला, जेवायला आणि सायकलच्या डागडुजीला हे शेवटचं मोठं गाव. इथून निघताना दोन दिवसांचं खाणं सोबत घ्या.

नॉर्थ जेफरसन सोडलं की नदी गायब होते. हे आधीच सांगतो, कारण 'नदीकाठचा मार्ग' असं ऐकून गेलेला माणूस इथे हिरमुसतो. नदी कुठेतरी दक्षिणेला, शेतांच्या आणि पुराच्या बांधांच्या पलीकडे असते. तुमच्या वाट्याला येते ती तिने आणून टाकलेली जमीन, काळीभोर आणि टेबलासारखी सपाट, एका बाजूला मका, दुसऱ्या बाजूला सोयाबीन. आम्ही गेलो तेव्हा मका वाळून उभा होता आणि सोयाबीनची काढणी जोरात होती. दूरवर धुळीचा लोट दिसला की तिकडे कंबाइन (कापणी-मळणीचं यंत्र) चालू आहे हे दुसऱ्याच दिवशी आम्हाला सवयीने कळायला लागलं. इंजिनाचा आवाज ऐकू यायचा तो तेवढाच, शिवाय पलीकडच्या काठाने जाणाऱ्या मालगाडीच्या भोंग्याचा. ट्रेलवर मोटारींना बंदीच आहे. तासन्‌तास मागे वळून पाहावं लागत नाही, आरशाची गरज नाही, शेजारी शेजारी चालवत गप्पा मारता येतात. रोज रहदारीतून सायकल चालवणाऱ्याला खांदे किती आखडलेले होते ते इथे सैल पडल्यावर समजतं.

आता या सपाटीचा त्रास. चढ नाही म्हणून हलकं वाटतं, पण उतारही नाही. पेडल मारणं थांबवलं की सायकल थांबते. चुनखडीच्या चुऱ्यावर डांबरापेक्षा जोर जास्त लागतो आणि बसण्याची ढब बदलत नसल्यामुळे खोगीर, मनगटं आणि मान यांचा निकाल लागतो. रोज डांबरावर 80 किलोमीटर सहज करत असाल तरी इथे सामानासकट 60–65 धरा. दर वीसेक मिनिटांनी उगाचच उभं राहून पेडल मारा. हँडलवर हात ठेवायच्या दोन-तीन जागा असतील तर उत्तम.

वारा हाच इथला घाट. तो बहुधा पश्चिम किंवा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून पश्चिमेकडून पूर्वेला जाणं शहाणपणाचं. उभा मका वारा अडवतो, सोयाबीन अडवत नाही, आणि कापणी झालेल्या रानात तर आडोसाच नाही. त्यामुळे सप्टेंबरच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरच्या शेवटी हाच रस्ता दोन वेगळ्या रस्त्यांसारखा वागतो. जुलै-ऑगस्टमधला दमट उकाडा मात्र टाळाच.

सायकल कुठलीही चालेल, टायर नाही. 35 ते 40 मिलिमीटर रुंदीचे, फार दातेरी नसलेले टायर पुरतात. माझ्या 40 मिलिमीटर टायरांत हवा 40 पीएसआयच्या आसपास होती आणि ते जमून आलं. सस्पेन्शन हे इथे निव्वळ ओझं. पावसानंतर चुरा मऊ पडतो आणि साखळीवर राखाडी लेप चढतो, तेव्हा मडगार्ड, एक फडकं आणि तेलाची छोटी बाटली हवीच. छोट्या पिशवीत मावणारं पंक्चरचं सामान आणि एक जादा ट्यूब स्वतःजवळ ठेवा, कारण मधल्या गावांत सायकलचं दुकान मिळणार नाही.

पाण्याचं नीट ऐका. ट्रेलहेडवर, म्हणजे ट्रेलवर चढायच्या ठिकाणी, स्वच्छतागृह बहुतेक ठिकाणी आहे, पाण्याचा नळ सगळीकडे नाही, आणि थंडीत नळ बंद करतात. टेबेट्स, मोकेन, पोर्टलंड ही नावं नकाशावर ठसठशीत दिसली तरी वस्ती जेमतेम आहे. खाण्याची जागा असलीच तर आठवड्याच्या सुरुवातीला हमखास बंद. माणशी तीन लिटर पाणी घेऊन निघा आणि फोन करून काय उघडं आहे ते आदल्या दिवशीच विचारा. टेबेट्सला सायकलस्वारांसाठी साध्या, एकावर एक पलंगांची धर्मशाळेवजा सोय आहे, ज्यांना पल्ला तोडायचा असेल त्यांना ती उपयोगी. ट्रेलच्या हद्दीत तंबू ठोकायला परवानगी नाही, आणि ट्रेल सूर्योदय ते सूर्यास्तच खुला असतो. प्रवेशशुल्क नाही.

टेबेट्स ते पोर्टलंड या पट्ट्यात घोडेस्वारांनाही मुभा आहे. घोडा दिसला की दुरूनच आवाज द्या आणि वेग अगदी कमी करा. घंटी अचानक वाजवू नका. शेतरस्ते ट्रेल ओलांडतात तिथे ट्रॅक्टर आला तर त्याला आधी जाऊ द्यावं. ऊन खायला वाटेत आडवे पडलेले साप आणि संथपणे रस्ता ओलांडणारी कासवं, दोन्हींना वळसा घाला. गवतात बसायची हौस असेल तर गोचिडींसाठी पाय रात्री तपासा.

निघण्यापूर्वी मिसूरी स्टेट पार्क्सच्या संकेतस्थळावर बंद रस्त्यांच्या सूचना पाहणं अनिवार्य समजा. हा सगळा भाग पूरमैदान आहे. 1993 च्या महापुरात नव्या ट्रेलचा मोठा भाग वाहून गेला होता, 2019 मध्येही पुरामुळे तुकडे बंद होते. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या राज्यांतलं पाणी इथे येतं.

मॅकिट्रिकहून दक्षिणेला मिसूरी नदी ओलांडली की हर्मन. जर्मन वसाहतवाल्यांचं हे गाव मुक्कामाला छान आहे. पुलावर सायकलची मार्गिका आहे, पण पुलापर्यंत हमरस्त्याच्या कडेने जावं लागतं, तेव्हा मागचा दिवा लावा. पुढे ट्रेलोरला धान्याची जुनी कोठारं आणि पीअर्सचं जुनं दुकान एवढंच थांबण्यासारखं. तिथून मार्थासव्हिल जवळच.

परतीसाठी डट्झोहून वॉशिंग्टन गावात पूल ओलांडून अॅमट्रॅक या रेल्वे कंपनीची मिसूरी रिव्हर रनर गाडी धरता येते. ही गाडी हर्मन आणि जेफरसन सिटीलाही थांबते, म्हणजे कुणाचे पाय मध्येच बोलले तर सुटकेचा मार्ग आहे. सायकलसाठी वेगळं आरक्षण करावं लागतं आणि जागा मोजक्या असतात. शरद ऋतूतल्या शनिवार-रविवारी ती आधी काढून ठेवा, मगच खोल्यांचं बघा.