लोणारचे दैत्यसूदन: आधी बाहेरून एक फेरी

मेहकरहून एसटीने लोणारला उतरणारी बहुतेक मंडळी थेट सरोवराचा काठ गाठतात. उल्कापाताने बेसाल्टात पडलेले ते सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे विवर बघायलाच हवे. पण मी सांगेन, सकाळचे ऊन तिरपे आहे तोवर गावातले दैत्यसूदन हे विष्णूचे मंदिर बघून घ्या. ऊन डोक्यावर आले की काळ्या दगडातली शिल्पे सपाट दिसू लागतात, आणि अनवाणी पायांना फरशी सोसवत नाही.

गावात याला हेमाडपंती म्हणतात, म्हणजे हेमाडपंत ऊर्फ हेमाद्रीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बांधणीचे. हेमाद्री तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, यादव राजा महादेव आणि पुढे रामचंद्र यांचा मंत्री. अकोला जिल्ह्यातल्या बार्शीटाकळीच्या मंदिरावर मात्र शके १०९८ कोरलेले आहे, म्हणजे इसवी सन ११७६-७७. ही बांधणी विदर्भात हेमाद्रीच्या आधीपासून रुळलेली होती.

आत जायची घाई करू नका. जोत्यावरून बाहेरच्या भिंतीला धरून एक फेरी मारा. भिंत सरळ जात नाही, ताऱ्याच्या टोकांसारखी कोनाकोनांत मोडत जाते. प्रत्येक कोनावर ऊन वेगळे पडते, म्हणून सगळी भिंत हलती वाटते. मागच्या देवकोष्ठात, म्हणजे भिंतीतल्या मूर्तीच्या कोनाड्यात, सूर्याची मूर्ती आहे. तिच्यावरून हे मूळचे सूर्यमंदिर असावे असे काही अभ्यासक म्हणतात. एका मूर्तीवर एवढा निष्कर्ष मला जड वाटतो.

अशा मंदिरांत दगडांमध्ये चुना नसतो. घडीव चिरे खाच-कुसव्याने (एकात खाच, दुसऱ्यात तिच्यात बसणारा उंचवटा) एकमेकांत बसवायचे, आणि वरच्या भाराने खालचे थर घट्ट राहायचे. कमान नाही, खांबावर आडवी तुळई. तुळयांमधला चौक मोठा असेल तर कोपऱ्यांवर तिरपे दगड टाकून तो लहान करत नेतात. ताकद सगळी वजनात आहे, आणि धोकाही तिथेच. छताच्या सांध्यात पिंपळाने मूळ धरले की चिरे सरकतात, पाणी आत उतरते, भार एका बाजूला झुकतो आणि तुळई मध्यावर तडकते. मग कोणीतरी सिमेंटने सांधे भरतो. मुरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही, आणि सांध्याशेजारचा दगडच पापुद्र्यांनी सुटू लागतो. जुन्या मंदिराचे कौतुक करणाऱ्यांनी छतावरचे रोपटे वेळेत काढायला लावले, तर खूप काही वाचेल.

आत बॅटरी न्याच. वितानांवर, म्हणजे कोरीव छतांवर, कंसवध, नरसिंह आणि लवणासुराचा वध कोरलेला आहे. विष्णूने दैत्यसूदन रूपात मारलेला हाच तो लवणासुर, ज्याची कथा गावकरी सरोवराच्या खारट पाण्याशी जोडतात. प्रकाश खालून सरळ मारू नका, बाजूने तिरका धरा, म्हणजे उठाव कळतो.

मेच्या मध्यावर, दुपार व्हायच्या सुमारास, सूर्यकिरण गाभाऱ्यातल्या मूर्तीवर येतात. या किरणोत्सवाला गर्दी असते. लोणार साधारण २० अक्षांशावर असल्याने तेव्हा सूर्य जवळजवळ माथ्यावर असतो. जुलैच्या अखेरीस तो पुन्हा त्याच उंचीवरून जातो, पण तोवर विदर्भात आभाळ भरलेले असते. म्हणून बेत मे महिन्याचाच करा.